निवृत्तीनंतरचं गाव जुलैत बघा

मुंबई-पुण्यातून निवृत्तीनंतर छोट्या गावी जाऊ पाहणाऱ्यांची गाव बघायची तऱ्हा साधारण ठरलेली असते. डिसेंबरात चार दिवसांची सहल, सकाळची थंडी, मोकळे रस्ते, घरगुती खानावळीतलं जेवण आणि परतीच्या वाटेवर गाडीतच "इथंच घ्यायचं" असा निकाल. त्याच गावात जुलैमध्ये रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना छातीत कळ आली तर कुठे जायचं, हा प्रश्न त्या चार दिवसांत कुणाला पडत नाही. पडावा असं वातावरणही नसतं.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे, पण सगळा हिशेब तिच्यावर चालतो. गाव दोघं मिळून निवडतात, आणि पुढची काही वर्षं त्यातल्या एकालाच तिथे काढायची असतात. पुष्कळदा मागे राहते ती बाई, आणि गाडी चालवणारा, बँकेची कामं बघणारा माणूस गेलेला असतो. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारा: उरलेल्या एकट्याला हे जमेल का?

हे मार्गदर्शन महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांपुरतं आहे. गोव्यात जमिनीचे कागद, कोमुनिदादीच्या (गावकीच्या सामाईक) जमिनी, मुंडकाराचे (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे) हक्क हे सगळंच वेगळं आहे. तिथे घ्यायचं असेल तर तिथलाच वकील गाठा. इथला सातबारा वाचता येतो म्हणून तिथलं कळेल असं नाही.

१. नकाशा उघडण्याआधी स्वतःची यादी

एक पान घ्या आणि लिहा: दोघांचे आजार, रोजची औषधं, वर्षातून किती वेळा कोणत्या तज्ज्ञाकडे जावं लागतं, मुलं कुठे आहेत आणि कोणत्या मार्गाने येतील, दोघांपैकी गाडी कोण चालवतं, जिना किती चढवतो. दमा असलेल्या माणसाने दमट किनाऱ्यावर आणि गुडघे गेलेल्याने चढ-उताराच्या गावात घर घेणं, या दोन चुका एवढ्या एका पानाने टळतात.

त्याच पानावर वैद्यकीय संरक्षणही लिहा, कारण गाव बदललं की तेही बदलतं.

केंद्र सरकारचे निवृत्त असाल तर सीजीएचएसचं, म्हणजे केंद्राच्या आरोग्य योजनेचं, केंद्र सगळीकडे नाही. मुंबई, पुणे, नागपूर सोडून लहान गावी गेलात तर बाह्यरुग्ण उपचारांऐवजी महिना १००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता घ्यायचा पर्याय असतो. सैन्यातून निवृत्त झालेल्यांनी ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, पॉलिक्लिनिक कुठे आहे ते आधी बघावं; साताऱ्यासारख्या सैनिकांच्या जिल्ह्यात ती सोय आहे. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. मात्र ते योजनेतल्या रुग्णालयातच, आणि सीजीएचएस किंवा ईसीएचएस असेल तर दोन्हीपैकी एक निवडावं लागतं.

खासगी विमा असेल तर एक खोच लक्षात ठेवा. काही कंपन्या शहरांचे झोन पाडतात. पत्ता लहान गावाचा दिला की हप्ता कमी होतो आणि माणूस खूश होतो. पुढे मुंबईत शस्त्रक्रिया झाली की बिलाचा ठरावीक हिस्सा खिशातून भरावा लागतो. पत्ता बदलण्याआधी पॉलिसीतलं ते कलम वाचा.

२. रुग्णालयाचं अंतर मिनिटांत मोजा

"हॉस्पिटल आहे ना, बसस्टँडसमोरच" हे उत्तर कामाचं नाही. नेमकं काय आहे ते विचारायचं. हृदयविकाराच्या झटक्यात अँजिओप्लास्टी करता येईल अशी कॅथलॅब लागते. पक्षाघातात आधी सीटी स्कॅन काढूनच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, आणि त्याची मुदत लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांची. यातला एक तास "थोडं पडून बघू" म्हणण्यात जातो आणि एक गाडी मिळण्यात. उरलेल्या वेळात रस्ता बसतो का, हे आधीच मोजून ठेवावं लागतं.

रुग्णालयात प्रत्यक्ष जाऊन हे प्रश्न विचारा: रात्री सीटी स्कॅन करणारा तंत्रज्ञ असतो का? हृदयरोगतज्ज्ञ गावात राहतात, की आठवड्यातून दोनदा पुण्याहून येतात? ब्लड बँक कुठे? डायलिसिसचं यंत्र किती आणि रांग किती? डायलिसिस सुरू झालं की आठवड्याला बहुधा तीनदा, प्रत्येक वेळी चारेक तास जावं लागतं. हे ६० किलोमीटरवरून एकट्याने करणं म्हणजे दुसरी नोकरीच.

आता गावं धरून बोलू.

वाई राहायला सुरेख. कृष्णेचा घाट, प्राज्ञपाठशाळा, विश्वकोशाचं कार्यालय, वाचणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? पण मोठ्या आजाराला सातारा गाठावा लागतो, साधारण ३५ किलोमीटर. नव्वदेक किलोमीटरवरच्या पुण्याला जायचं तर वाटेत खंबाटकीची कोंडी, आणि रविवारी संध्याकाळी महाबळेश्वरहून परतणाऱ्या गाड्यांची रांग. पाचगणीत घर असेल तर या सगळ्याच्या आधी पसरणीचा घाट उतरायचा.

मिरज दिसायला काही खास नाही. सुट्टीत कुणी मिरजेला जात नाही. पण डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं आणि गाव वैद्यकीय पेठ झालं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तज्ज्ञांचे दवाखाने आहेत, आणि पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारही दिशांना रेल्वे जाते. आजारपणाचा विचार करून निवडायचं, तर निसर्गरम्य गावांच्या याद्यांमध्ये कधीच न दिसणारं हे गाव पहिल्या पाचांत यावं. वर सतारीची दुकानं आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारं गाणं, हे फुकटचं.

सिंधुदुर्गातली माणसं गंभीर आजारात पिढ्यान्‌पिढ्या गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाकडे धाव घेत आली. सावंतवाडीहून हे अंतर साठ-सत्तर किलोमीटर. बांबोळीत गोव्याबाहेरच्या रुग्णांना २०१८ पासून शुल्क लागतं, तेव्हा "तिथे फुकट होतं" या ऐकीव माहितीवर बसू नका. चिपळूणजवळ डेरवणला मोठं रुग्णालय आहे, त्यामुळे चिपळूण-सावर्डे पट्टा दापोलीपेक्षा या बाबतीत वरचढ ठरतो. दापोलीहून घाटाने खेड गाठायलाच पाऊण तासावर जातं, तेही दरड आली नसेल तर.

निवडलेल्या घरापासून त्या रुग्णालयापर्यंत एकदा दिवसा आणि एकदा रात्री स्वतः गाडीने जा आणि मिनिटं लिहून ठेवा. १०८ची रुग्णवाहिका सगळ्या महाराष्ट्रात आहे. ती गावात उभी असते की शेजारच्या तालुक्यातून येते, हे ग्रामीण रुग्णालयात विचारलं की कळतं.

३. पूररेषा, दरड, वादळ

नदीकाठच्या गावात घर घेताना दोन रेषा माहीत हव्यात. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, नवं बांधकाम निषिद्ध. निळ्या-लालच्या मध्ये जोत्याच्या उंचीच्या अटी घालून परवानगी मिळते. नकाशे पाटबंधारे विभागाकडे आणि नगररचना कार्यालयात बघता येतात. दलाल सांगेल, "लाल रेषेत आहे, पण पाणी कधी आलं नाही." शंभर वर्षांचा अनुभव दलालाला नसतो.

रेषांवरही पूर्ण विसंबू नका. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, "२००५ला पाणी कुठवर होतं? आणि २०१९ला? २१ला?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३ फूट. या गावांत घर घ्यायचं तर विचारायचं एकच: किती फुटाला आपल्या गल्लीत पाणी येतं? जुने रहिवासी फुटाच्या हिशेबात उत्तर देतात, कारण पावसाळ्यात ते रोज तो आकडा बघतच असतात. मिरजेचा बराच भाग सांगलीपेक्षा उंचावर आहे, कृष्णाघाटाची बाजू सोडून.

चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा गावाचं जुनं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही बुडालं. महाडला त्याच दिवशी सावित्रीने तेच केलं. अशा गावांत तळमजला घेऊ नये एवढ्यावर हिशेब संपत नाही. पहिल्या मजल्यावरचा माणूस कोरडा राहतो, पण खालचा मीटर, पाण्याचा पंप आणि लिफ्टची यंत्रणा बुडते. चार दिवस वीज, पाणी आणि उतरायची वाट बंद. ज्या इमारतीत मीटर आणि जनरेटर वरच्या पातळीवर आहेत ती बघा.

डोंगराच्या कुशीतल्या प्लॉटचं चित्र फार मोहक असतं. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही जुलैत. उताराच्या पायथ्याशी, वरच्या अंगाला नुकतं सपाटीकरण किंवा रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल, झाडं तिरकी झालेली असतील, पावसात नव्या जागी गढूळ झरे फुटत असतील, तर तो प्लॉट कितीही स्वस्त असला तरी सोडा.

किनाऱ्यावर वाऱ्याचा विचार हवा. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातली अनेक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. कौलारू घर, नारळाखालचं अंगण हे सगळं दिसायला छान; कौलं शाकारायला माणूस मिळतो का आणि वानरांचा उपद्रव किती, हे शेजाऱ्यांना विचारा. कोकणात वानर हा विनोदाचा विषय नाही.

सातारा, पाटण, चिपळूण या कोयनेच्या अंगाच्या गावांत भूकंपही धरावा. ११ डिसेंबर १९६७चा धक्का मोठा होता. जुनं दगड-मातीचं घर घेत असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत घेतल्याशिवाय इसार देऊ नका.

४. पाणी, वीज, हवा

पाणी रोज येतं का, हे मेच्या शेवटच्या आठवड्यात विचारायचं. छत्रपती संभाजीनगरसारख्या मोठ्या शहरात, जायकवाडी जवळ असूनही, वर्षानुवर्षं नळाला आठवड्याने पाणी येण्याची वेळ आली. लातूरला २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. उलट साताऱ्याच्या काही भागाला कासच्या तलावाचं पाणी उताराने येतं. ग्रामपंचायत हद्दीतल्या नव्या सोसायट्यांत नळजोडणी असतेच असं नाही. तिथे सगळं बोअर आणि टँकरवर चालतं. मागच्या उन्हाळ्याचं टँकरचं बिल सोसायटीकडे मागा. ते दाखवायला टाळाटाळ झाली की समजून घ्या.

विजेसाठी शेजाऱ्यांच्या गॅलरीत किती इन्व्हर्टर दिसतात ते मोजा. झोपताना ऑक्सिजन किंवा सीपॅप (झोपेत श्वास अडकू न देणारं) यंत्र लागत असेल तर बॅकअपशिवाय कोकण आणि घाटमाथा टाळाच.

पावसाचं प्रमाण थोड्या अंतरात फार बदलतं. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईत आलं की त्याचा लहानसा हिस्सा. महाबळेश्वरात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, पुस्तकं फुगतात. चार महिने दुसरीकडे राहायची तयारी असेल तरच तिथला विचार करा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये आहे, त्यामुळे बांधकामाचे नियमही कडक.

सांगली, कोल्हापूर, सातारा भागात साखर कारखान्याच्या जवळ घर घेताना गळीत हंगामात जाऊन बघा. मळीचा वास, वाऱ्याबरोबर येणारी काजळी आणि रात्री दिव्याविना चालणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या जूनमध्ये दिसत नाहीत.

५. गाडी बंद झाल्यावर

डोळे किंवा गुडघे एक दिवस "आता गाडी नको" म्हणतात. त्यानंतर औषधाचं दुकान, भाजी, बँक, दवाखाना हे सगळं सपाट रस्त्याने पायी दहा मिनिटांत किंवा रिक्षाने मिळायला हवं. गावाबाहेर पाच किलोमीटरवरचा रो-हाऊस साठीत झकास वाटतो आणि पंचाहत्तरीत तुरुंग होतो. गावातला जुना, थोडा गोंगाटाचा फ्लॅट पुष्कळदा जास्त शहाणपणाचा ठरतो. रात्री रिक्षा मिळते का, की संध्याकाळी सातनंतर फक्त वडाप (माणसं भरून जाणारी जीप), तेही विचारा.

एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना मोफत, ६५ ते ७५ वयोगटाला आणि सर्व महिलांना अर्धं तिकीट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद झालेली आहे.

गावाला रेल्वे स्टेशन आहे एवढं वाचून भुलू नका. साताऱ्याचं स्टेशन शहराबाहेर माहुलीला आहे. वाईला रेल्वे नाही, जवळचं स्टेशन वाठार. दापोलीलाही नाही. अलिबागला मुंबईहून मांडव्याची लाँच सोयीची, पण गेटवेहून सुटणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. मग भाऊच्या धक्क्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) किंवा रस्ता. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश धावतात. परदेशातल्या मुलांसाठी सावंतवाडीला गोव्यातला मोपा विमानतळ जवळ पडतो. मुंबईला नियमित जावं लागणार असेल तर नाशिक, पुण्याला जावं लागणार असेल तर तळेगाव दाभाडे, ही दोन्ही गाड्यांच्या दृष्टीने सोपी गावं. नाशिकला २०२७च्या सिंहस्थापर्यंत पंचवटी, रामकुंड भागात घर घ्यायची घाई करू नका.

६. माणसं

सकाळी साडेसहाला गावातल्या बागेत आणि संध्याकाळी पाचला ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन बसा. संघ नुसता फलकावर आहे की खरंच भरतो, हे दोन भेटींत कळतं. वाचनालयात नवी पुस्तकं येतात का ते बघा; रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. एकट्या बाईला तिथे येऊन बसायला संकोच वाटणार नाही ना, हे तुमच्या घरातल्या बाईलाच ठरवू द्या. आणि स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला, रात्रपाळीला माणूस मिळतो का, दर काय, हे शेजारणींकडून काढा. छोट्या गावात नर्सिंग ब्युरो क्वचितच असतो.

७. अकरा महिने भाड्याने राहा

शक्य असेल तर सगळ्यात मोठी रक्कम वाचवणारी पायरी हीच. जुनं घर विकू नका. नव्या गावात लिव्ह अँड लायसन्सवर ११ महिन्यांसाठी घर घ्या आणि करार मेमध्ये सुरू करा: पाण्याची टंचाई, पहिला वळीव, पूर्ण पावसाळा आणि गळीत हंगाम, सगळं त्यात येतं. पुष्कळ लोक नोव्हेंबरला सुरुवात करतात आणि मार्चमध्ये "छान आहे" म्हणून खरेदी करून मोकळे होतात.

करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९नुसार ती घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क एकूण रकमेवर ०.२५ टक्के, नोंदणी फी शहरी हद्दीत १००० आणि ग्रामीण हद्दीत ५०० रुपये. "गावाकडे कोण एवढं करतं" म्हणून साध्या स्टॅम्प पेपरवर करणारा मालक डिपॉझिट परत करतानाही तसाच वागतो.

या काळात सामान सगळं नेऊ नका. दोन पलंग, स्वयंपाकघर, पुस्तकांची एक पेटी पुरे. आणि एक कसोटी जरूर करा: दोघांपैकी एकाने पंधरा दिवस मुलाकडे जावं, दुसऱ्याने तिथे एकट्याने राहून बघावं. पावसाळ्यातच.

८. घर बघताना फूटपट्टी सोबत ठेवा

दारांची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फूट, असावी. व्हीलचेअर आणि स्ट्रेचर त्यातूनच जातात. न्हाणीघराचं दार पुष्कळदा अडीच फुटांचं निघतं, आणि घसरून पडलेला माणूस आतल्या बाजूने दाराला टेकलेला असतो. म्हणून ते दार बाहेर उघडणारं करून घ्या. रॅम्पचा उतार १ : १२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. पायऱ्यांची उंची १५० मिलिमीटरच्या आसपास, दोन्ही बाजूंना कठडा. न्हाणीघरात खडबडीत फरशी, कमोडशेजारी भिंतीत पक्के बसवलेले दांडे. पोकळ विटांच्या भिंतीत ते उखडतात, आधी ठोकून बघा. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का आणि वीज गेल्यावर ती चालते का, हे वॉचमनला विचारा, बिल्डरला नको.

"सीनियर लिव्हिंग" म्हणून विकला जाणारा प्रकल्प असेल तर महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, अशा प्रकल्पांसाठी २०२४मध्ये किमान निकष ठरवून दिले आहेत; विक्रीच्या करारात ते उतरलेत का ते तपासा. जाहिरातीतली नर्स, रुग्णवाहिका आणि भोजनगृह करारात नसेल तर ते नाहीच असं धरा. मासिक शुल्क दरवर्षी किती वाढणार आणि जोडीदार गेल्यावर ते कमी होणार का, हे लेखी घ्या.

९. कागद

फसगत बहुतेक प्लॉटमध्ये होते. तीन ठिकाणी पाय अडकतो.

शेतजमीन: १९४८च्या कूळ कायद्याच्या कलम ६३मुळे शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. "आधी खरेदी करा, एनए (बिगरशेती) नंतर करून देतो" याला हो म्हणू नका. कुणाच्या तरी नावावरचा शेतकरी दाखला वापरून केलेला व्यवहार पुढे रद्द होऊ शकतो.

गुंठेवारी: शेताचे पाडलेले दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे. सातबाऱ्यावर दहा जणांची नावं सामायिक आणि तुमचा प्लॉट फक्त नकाशावरच्या पेन्सिलीच्या रेघेत. नियमित झाल्याचा आदेश हातात असेल तरच पुढे जा.

भोगवटादार वर्ग २ (सरकारने अटींवर दिलेली जमीन) आणि देवस्थान इनाम (देवळाला दिलेली जमीन): विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. सातबाऱ्यावर डाव्या बाजूला भोगवटादार वर्ग लिहिलेला असतो आणि इतर हक्कात बोजे, कुळाची नावं. पुढच्या पानावर जाण्याआधी हे दोन रकाने वाचा.

समुद्राजवळ सीआरझेडचं (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचं) बंधन, नदीजवळ पूररेषा, जंगलालगत वनविभागाचा ना-हरकत. हे तिन्ही नगररचना कार्यालयातल्या झोन दाखल्यापासून सुरू होतं.

खरेदीआधी जमवायचे कागद:

- डिजिटल सहीचा सातबारा (महाभूमीवर १५ रुपयांत), ८अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि मागचे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी). गावठाणात किंवा शहरात मालमत्ता पत्रक
- मागच्या ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोज्यांचा शोध), तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून
- मोजणीचा नकाशा आणि जागेवरच्या हद्दीच्या खुणा. जुळत नसतील तर सरकारी मोजणी
- एनए आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र
- नवा प्रकल्प असेल तर महारेरा क्रमांक. भूखंड ५०० चौरस मीटरहून मोठा आणि आठहून जास्त सदनिका असतील तर नोंदणी बंधनकारक
- सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल
- मालक अनेक असतील तर सगळ्यांच्या सह्या. परदेशातल्या भावाचं कुलमुखत्यारपत्र असेल तर ते आजही वैध आहे का याची खात्री

गावी सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे विक्रेत्याचा वकील "दोघांचंही बघतो" म्हणतो. नको म्हणा.

नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क स्थानिक हद्दीनुसार वेगळं. खरेदी फक्त बाईच्या नावे असेल तर घरावर १ टक्का सवलत मिळते. मागे राहणाऱ्याचा विचार करता, तिच्या नावे घर असणं सवलतीपेक्षाही कामाचं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तेव्हा खरेदीच्याच महिन्यात दोघांनी मृत्युपत्रं करा. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करून टाका.

१०. जुनं घर विकायची वेळ

जुन्या घराच्या विक्रीतला भांडवली नफा नव्या घरात घातला तर प्राप्तिकरात सूट मिळते. त्यासाठी नवं घर विक्रीच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांत विकत घ्यायला हवं, बांधायचं असेल तर ३ वर्षांत. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नसतील तर ते बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावे लागतात. नेहमीच्या मुदत ठेवीत ठेवले की सूट गेली. प्लॉट घेऊन बांधणाऱ्यांची तीन वर्षं परवानग्यांतच संपतात. गावाकडचा कंत्राटदार गणपती, दिवाळी, लग्नसराई आणि पाऊस वजा करून काम करतो, हे त्या तीन वर्षांत धरा.

विकून आलेले सगळे पैसे घरात घालू नका. आजारपण आणि परत फिरायची वेळ, दोन्हीसाठी रोकड हवी. छोट्या गावातलं मोठं घर विकायला दोन-तीन वर्षं सहज लागतात.

११. गेल्यावर पहिल्या महिन्यात

आधारवरचा पत्ता आधी बदला, बाकीचे कागद त्यावर चालतात. मग मतदार यादीसाठी फॉर्म ८, गॅस जोडणी, बँकेतला पत्ता, विमा. पेन्शनचं खातं हलवलंच पाहिजे असं नाही; नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, आणि ते जमत नसेल तर पोस्टमन थोड्या शुल्कात घरी येऊन बोटाचा ठसा घेतो. पोस्टमनशी ओळख करून घ्यायला हे एक निमित्तही होतं.

जवळच्या पोलीस ठाण्यात ज्येष्ठ म्हणून नाव नोंदवा. एका डॉक्टरला 'आपला' करा आणि जुनी फाइल, ईसीजीसह, त्याच्याकडे बरं असतानाच देऊन या; छातीत दुखत असताना जुना ईसीजी शोधत बसावं लागू नये. घराची एक किल्ली शेजारी द्या.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत एक कागद चिकटवा: १०८, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, डॉक्टर, रात्री येणारा रिक्षावाला, किल्लीवाला शेजारी, वायरमन. सगळ्यात वर स्वतःचा पूर्ण पत्ता, जवळच्या खुणेसकट लिहा. घाबरलेल्या माणसाला फोनवर तोच सांगता येत नाही.